कडक भाकरीवरचं चॉकलेट

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या बहुतेक स्वयंपाकघरांत गॅसची शेगडी आहे, मिक्सर आहे, फ्रिज आहे. ओव्हन मात्र शोधावा लागतो. यात गावाचं काही मागासलेपण नाही. आपल्या मुलखात भट्टी घरात कधी नव्हतीच. ती बेकरीत होती आणि तिथे जाऊन वापरायची रीत होती. दिवाळीच्या तोंडावर मैदा, तूप, पिठीसाखर फेसून नानकटाईचे पत्रे बेकरीतून भाजून आणल्याच्या आठवणी कितीतरी घरांत आजही निघतात. घरातलं भाजणं तव्यावर, कढईत आणि निखाऱ्यावर होत आलं. म्हणून भट्टीशिवाय होणारा चॉकलेट पाय आपल्याकडे बिचकत यावा असं काही नाही. तो आपल्या स्वयंपाकघरात सहज सामावतो.

काठाच्या भांड्यात तळाला खुसखुशीत चुऱ्याचा दाबलेला थर, त्यावर चॉकलेटचं दाट सारण, मग काही तास गारव्यात ठेवून कापलेले त्रिकोणी तुकडे, असा हा साधा पदार्थ. तळासाठी सगळीकडे बिस्किटांचा चुरा वापरतात. मोहोळमध्ये तो कडक भाकरीचा असावा, असं मला मनापासून वाटतं. त्याला गावाचा अभिमान हे एक कारण आहेच. पण त्याहून भक्कम कारणं ज्वारीत, तुपात आणि सोलापूरच्या हवेत आहेत.

बर्फाच्या पेटीतला गोड पदार्थ

अमेरिकेत घरोघरी फ्रिज पोचण्याआधी बर्फाची पेटी असे. बाहेरून लाकडी कपाट, आतून पत्रा आणि एका कप्प्यात बर्फवाल्याने आणून दिलेली लादी. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत या पेटीत गार करून घट्ट करायचे केक आणि पाय तिथे रुजले. त्यांना नावही ‘आइसबॉक्स केक’, ‘आइसबॉक्स पाय’ असंच पडलं. मैद्याची पारी लाटून भाजण्याऐवजी ग्रॅहम क्रॅकर नावाच्या बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून भांड्यात दाबायचा. उन्हाळ्यात घर तापवणारी भट्टी पेटवावी लागत नाही, ही त्यातली मोठी सोय. मे महिन्यात ज्या जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथल्या माणसाला ही सोय समजावून सांगायला नको.

आपल्याकडे या पदार्थाचं साहित्य एकेक करून आलं. मारी बिस्किट १८७४ मध्ये लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने रशियाच्या राजकन्येच्या लग्नानिमित्त काढलं आणि पुढे ते आपल्या चहाच्या कपात येऊन स्थिरावलं. विलेपार्ल्यात १९२९ मध्ये सुरू झालेल्या पार्लेने १९३९ पासून बिस्किटं बनवायला घेतली. कॅडबरी १९४८ मध्ये भारतात आली. पुण्यात १९५६ मध्ये वेकफील्डची सुरुवात झाली आणि तिच्या कस्टर्ड पावडरीने मराठी घरांना स्टार्चने दूध दाट करायची सवय लावली. १९५८ मध्ये गोदरेजने फ्रिज बनवायला सुरुवात केली. शेजारच्या कर्नाटकात सुपारी आणि कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या कॅम्पको या सहकारी संस्थेने १९८६ मध्ये पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना उभारला. आज मोहोळच्या किराणा दुकानात बिस्किट, कोको पावडर, चायना ग्रास आणि चॉकलेटची वडी एकाच फेरीत मिळते. एवढ्या साहित्यावर पाय होतो.

भट्टीचं काम स्निग्ध पदार्थ करतो

भाजलेल्या पारीत मैद्यातलं ग्लुटेन आणि स्टार्च उष्णतेने पक्कं होतं, म्हणून ती आकार धरते. न भाजलेल्या तळात हे काम तूप किंवा लोणी करतं. वितळलेलं तूप चुऱ्याच्या कणाकणांत शिरतं, गार झालं की गोठतं आणि कणांना एकमेकांशी बांधतं. सारणातही तेच घडतं. चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणूनच चॉकलेट हातात घट्ट राहतं आणि जिभेवर विरघळतं. सायीबरोबर वितळवलेलं चॉकलेट गार झालं की त्यातलं स्निग्ध पुन्हा गोठतं आणि सारण सुरीने कापण्याइतकं घट्ट होतं.

तेव्हा हा पदार्थ आचेपेक्षा तापमानावर जास्त अवलंबून असतो. थंड देशांतल्या कृतींमध्ये ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात विशी-बाविशीतली खोली असते. मोहोळमध्ये उन्हाळ्याच्या दुपारी ती खोली पस्तीस अंशांच्या पुढे जाते. तिथे कोको बटर गोठणारच नाही आणि लोणी ताटात पसरेल. कृती जशीच्या तशी उचलली आणि पाय बसला नाही, तर दोष करणाऱ्या बाईच्या हाताचा नसतो. कृती दुसऱ्या हवेसाठी लिहिलेली असते. आपल्या हवेसाठी ती आपणच नव्याने लिहिली पाहिजे.

दिवाळीचे दिवस मात्र या पदार्थाला अनुकूल. सोलापूरकडे त्या सुमाराला पहाटे गारवा पडलेला असतो, दुपार अजून तापलेली असते. पहाटे केलेला तळ लवकर धरतो, मिश्रण हाताखाली वितळत नाही आणि फ्रिजवरही कमी ताण येतो.

मालदांडीचा तळ

मोहोळचं नाव ज्वारीच्या इतिहासात कायमचं कोरलं गेलं आहे. रब्बी ज्वारीचं ‘मालदांडी ३५-१’ हे वाण स्थानिक मालदांडीतून निवडून तयार झालं ते इथल्याच संशोधन केंद्रावर, १९३० च्या दशकात. काळ्या भारी जमिनीत, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीवर पेरायचं आणि पुढे जमिनीत मुरलेल्या पाण्यावर वाढवायचं हे पीक. टपोरा, मोत्यासारखा दाणा, गोडसर भाकरी आणि जनावरांसाठी भरपूर कडबा, यामुळे ते महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दूरवर पसरलं. नंतर कितीतरी सुधारित वाणं आली. तरी भाकरीच्या चवीची पारख आजही मालदांडीशी तुलना करूनच होते. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा शहरांतल्या हॉटेलांनी ज्वारीची बिस्किटं आणि केक मांडले. ज्या गावाने हे वाण देशाला दिलं, त्या गावाच्या गोड पदार्थांत ज्वारी दिसलीच पाहिजे.

सोलापूरची कडक भाकरी ही ज्वारीची टिकाऊ तऱ्हा. नेहमीपेक्षा पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि पाण्याचा अंश उरणार नाही इतकी वाळवायची. शेंगाचटणीबरोबर ती खातात, प्रवासात नेतात, परगावी शिकणाऱ्या मुलांना डबा भरून पाठवतात. बचत गटांतल्या अनेक बायकांच्या हाताला या भाकरीने काम दिलं आहे.

पायच्या तळाला ती इतकी योग्य का? ज्वारीत ग्लुटेन नसतं. त्यामुळे तिच्या पिठाची लाटून भाजायची पारी जमवणं अवघड. ती लाटताना तुटते, भाजल्यावर भुगा होतो. चुऱ्याच्या तळाला मात्र ग्लुटेन लागतच नाही, कारण बांधायचं काम तूप करतं. शिवाय कडक भाकरीत साखर नसते, त्यामुळे गोडी किती घालायची ते आपल्या हातात राहतं. भाजक्या ज्वारीची खमंग चव कोकोच्या कडवटपणाला साथ देते. मैद्याचं बिस्किट ही साथ देऊ शकत नाही. त्याची चव चॉकलेटखाली दबून जाते.

इथे लोण्याऐवजी तूप घ्यावं. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं. बिस्किटाच्या चुऱ्यात ते खपून जातं. वाळलेली भाकरी मात्र ते शोषते आणि चिवट होते. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. पंढरपुरी म्हशीच्या दुधात साधारण सात ते आठ टक्के स्निग्धांश असतो. त्या दुधाच्या सायीचं रवाळ कणीदार तूप या तळाला फार छान लागतं.

मोहोळमधल्या एका घरात हा तळ होताना सासू-सुनेचं बोलणं झालं ते असं:

“काय करायलीस गं? चांगली भाकरी चुरायलीस व्हय?”

“आत्या, मोडक्याच आहेत ह्या. चॉकलेटच्या खाली घालायच्यात.”

“आणि तूप-गूळ कशाला?”

“बांधायला. तुम्ही चव तर बघा.”

चिमूटभर तोंडात टाकून सासूबाई म्हणाल्या, “मलिदाच की गं हा.”

त्या अगदी खरं बोलल्या. भाकरी किंवा चपाती कुस्करून गूळ-तुपात मळलेला मलिदा आपल्याकडे देवापुढे ठेवतात, दर्ग्यात वाटतात, शेतावर जाणाऱ्याच्या फडक्यात बांधून देतात. कुस्करणं, तुपात मळणं आणि दाबून घट्ट करणं या तिन्ही गोष्टी आपल्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या येतात. बर्फाच्या पेटीपाशी उभ्या असलेल्या अमेरिकन गृहिणीने बिस्किटाचा चुरा लोण्यात दाबला, तेव्हा तिने तेच काम वेगळ्या धान्यावर केलं.

सारणाला चक्का

पायच्या कृतींत फेटलेलं क्रीम किंवा क्रीम चीज सांगितलेलं असतं. क्रीम फुलायला त्यात ३० टक्क्यांच्या वर स्निग्धांश हवा. गावात सहज मिळणारं खोक्यातलं क्रीम बहुधा २५ टक्क्यांचं असतं. ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. क्रीम चीज महाग आणि मोहोळमध्ये मिळेलच याची खात्री नाही. पण श्रीखंडासाठी चक्का बांधायचं ज्ञान घरात आहेच. ताज्या, गोड दह्याचा रात्रभर टांगलेला चक्का आणि वितळवलेलं चॉकलेट एकत्र आलं, की सारण दाट, गुळगुळीत आणि किंचित आंबूस होतं. तो आंबूसपणा चॉकलेटचा जडपणा कमी करतो.

चक्का फ्रिजमधून काढून लगेच घालू नये. गार चक्का लागताच कोको बटर जागच्या जागी गोठतं आणि सारणात बारीक गुठळ्या राहतात. चक्का आधी अर्धा तास बाहेर ठेवून घोटावा आणि मगच मिसळावा.

कृती

सुमारे २० सेंटीमीटर व्यासाचं, चार सेंटीमीटर उभ्या काठाचं स्टीलचं भांडं किंवा केकचं भांडं घ्यावं. आठ ते दहा तुकडे होतात.

तळासाठी: कडक भाकरीचा चुरा १५० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट ५० ग्रॅम, बारीक किसलेला गूळ ४० ग्रॅम, साजूक तूप ९० ग्रॅम, भाकरीत मीठ नसेल तर चिमूटभर मीठ.

सारणासाठी: डार्क चॉकलेट २०० ग्रॅम, खोक्यातलं क्रीम किंवा घोटलेली ताजी साय १५० मिलीलीटर, चक्का २०० ग्रॅम, पिठीसाखर दोन ते तीन मोठे चमचे, चिमूटभर मीठ.

भाकरी मंद आचेवर तव्यावर पुन्हा शेकून पूर्ण गार करावी. डब्यात राहून शिरलेला ओलसरपणा त्याने जातो. मिक्सर थांबवत थांबवत फिरवून रव्याएवढा चुरा करावा. पिठासारखा बारीक झाला तर तळ दगडासारखा बसतो. कूट, गूळ, मीठ मिसळून वितळलेलं कोमट तूप घालावं आणि हाताने चोळावं. मुठीत दाबल्यावर मूठ वळली आणि बोटाने टोचल्यावर सुटली, की तूप बरोबर पडलं. भांड्याला बटर पेपर लावून मिश्रण तळाला आणि काठाला वाटीच्या बुडाने घट्ट दाबावं. काठ आणि तळ मिळतात त्या कोपऱ्यात जास्त दाबावं. तुकडा तिथेच मोडतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावं.

आता २०० ग्रॅमपैकी दोन चमचे चॉकलेट वितळवून गोठलेल्या तळावर ब्रशने पातळ फिरवावं आणि पाच मिनिटं गार करावं. हा पातळ थर सारणातलं पाणी तळात उतरू देत नाही. दुसऱ्या दिवशीही तळ कुरकुरीत राहतो तो याच एका कामामुळे, म्हणून ते टाळू नये.

उरलेल्या चॉकलेटचे बारीक तुकडे करावेत. साय उकळीच्या आधी, कडेला बुडबुडे आल्यावर उतरवून तुकड्यांवर ओतावी, दोन मिनिटं हात लावू नये आणि मग मधून बाहेर हळूहळू ढवळावं. चॉकलेट नुसतं वितळवायचं असेल तेव्हा गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवावं. त्यात पाण्याचा थेंब पडला तर कोको आणि साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि चॉकलेट खडबडीत होतं. मिश्रण कोमट झालं की चक्का, पिठीसाखर आणि मीठ घालून घोटावं, तळावर ओतावं, भांडं ओट्यावर दोनदा आपटून हवा काढावी. किमान पाच तास, शक्य तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं.

वर ‘भगवा’ वाणाच्या डाळिंबाचे दाणे पेरावेत, तेही वाढण्याच्या आधी. लवकर पेरले तर रस सुटतो. भगवा हे सोलापूर जिल्ह्याच्या माळरानाचं पीक. केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबाचा आंबटगोड रस, कडसर चॉकलेट आणि खमंग ज्वारी या तीन चवी एका घासात येतात, तेव्हा हा पदार्थ पूर्ण होतो.

सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापावं. चक्का असलेला पाय फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि दोन-तीन दिवसांत संपवावा. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नये. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो.

उन्हाळ्यासाठी दुसरं सारण

मे महिन्यात वाढदिवस आला तर? तेव्हा चॉकलेट गोठण्यावर विसंबता येत नाही. इथे चायना ग्रास कामाला येतं. समुद्री शेवाळापासून मिळणारा हा पदार्थ साधारण ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान घट्ट होतो, आणि एकदा घट्ट झाला की जवळजवळ ८५ अंशांपर्यंत पुन्हा वितळत नाही. जिलेटिन मात्र पस्तीस अंशांच्या आसपास सैल पडतं, शिवाय ते प्राणिज असतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात आणि उपवास-सोवळ्याच्या घरात चायना ग्रासच योग्य.

चार ग्रॅम चायना ग्रास १०० मिलीलीटर पाण्यात अर्धा तास भिजवून पूर्ण विरघळेपर्यंत उकळावं. अर्धा लीटर दुधातलं थोडं गार दूध काढून त्यात ३० ग्रॅम कोको, २५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर कालवावं. उरलेलं दूध १०० ग्रॅम साखरेबरोबर उकळून त्यात हे कालवण ओतावं आणि सतत ढवळत दोन मिनिटं खदखदू द्यावं, नाहीतर पिठाचा कच्चा वास राहतो. चायना ग्रासचं गरम पाणी गाळून मिसळावं, कोमट होताच तळावर ओतावं. तळाचं तूप मात्र उन्हात सैल होणारच, म्हणून हाही पाय फ्रिजमधून थेट ताटात वाढावा.

वेष्टण वाचून घ्यावं

चॉकलेट घेताना वेष्टणामागची बारीक अक्षरं वाचावीत. स्वस्त वडीवर ‘कंपाउंड’ असं लिहिलेलं असतं. तिच्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पतिजन्य स्निग्ध असतं. ती उन्हात लवकर वितळत नाही, हाताळायला सोपी जाते, म्हणून उष्ण गावांतली दुकानं तीच जास्त ठेवतात. पण ती जिभेवर मेणासारखी रेंगाळते. तळावरच्या पातळ थराला कंपाउंड चालतं. सारणाला मात्र कोको बटर असलेलं खरं चॉकलेट घ्यावं.

खरं चॉकलेट महाग का, हेही माहीत असावं. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथल्या झाडांवरचा रोग आणि बिघडलेलं हवामान यांमुळे २०२४ मध्ये जागतिक बाजारात कोकोचा भाव टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला. त्याच्या दोन वर्षं आधी तो अडीच हजारांच्या आसपास होता. पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या रब्बी ज्वारीच्या शेतकऱ्याला तिथल्या कोकोच्या शेतकऱ्याचं दुःख कळेल. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेट आणि बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तुपावरचा १२ वरून ५ वर. घरी पाय करणारीला त्याने थोडा तरी हातभार लागला.

चुऱ्याला मोल

कडक भाकरी पातळ आणि ठिसूळ असते. बांधताना, पाठवताना काही भाकऱ्या मोडतातच. अख्खी भाकरी पूर्ण दराने विकली जाते, मोडकीला तो दर मिळत नाही. पायच्या तळाला मात्र मोडकीच हवी असते. मोहोळ, सोलापूर, मंगळवेढ्याच्या बचत गटांनी हा चुरा शेकून, रवाळ करून, पाव किलोच्या पाकिटात ‘पायसाठी ज्वारीचा चुरा’ म्हणून विकायला काढावा, असं मी आग्रहाने सुचवतो. पाकिटावर गूळ-तुपाचं प्रमाण छापावं. पुण्या-मुंबईत ग्लुटेन न चालणारी माणसं आहेत, ज्वारी शोधणारे बेकरीवाले आहेत. त्यांना हे पाकीट हवंच असेल. भाकरी थापणारीच्या मोडक्या मालाला त्यातून नीट दाम मिळेल.

घरोघरच्या स्वयंपाक करणाऱ्यांनाही एक सांगणं. यंदाच्या फराळात चकली, शंकरपाळी, अनारशांबरोबर हा एक पाय करून बघा, आणि पहिल्या वेळी कृती काटेकोर पाळा. दुसऱ्या वेळी आपल्या घराची हवा, आपल्या फ्रिजचा गारवा आणि आपल्या तुपाचा पोत बघून तूप दहा ग्रॅम कमी-जास्त करा, आणि जे प्रमाण जमलं ते वहीत तारखेसह लिहून ठेवा. दिवाळीचं प्रमाण आणि उन्हाळ्याचं प्रमाण वेगळं लिहा. मोहोळच्या हवेसाठी, मोहोळच्या ज्वारीवर बेतलेली कृती अशा वह्यांतूनच पक्की होईल, आणि ती पुढच्या सुनांना आणि लेकींना बिनचूक उपयोगी पडेल.